हिंदूरावच्या टेकडीमागचा नाला

या वेळचं पोस्टिंग दिल्लीत. ऑफिसचं काम फायलींचं, म्हणून सकाळचा तासभर पायांसाठी राखून ठेवलाय. पहिल्याच आठवड्यात उत्तर दिल्लीतल्या एका बसथांब्यावर उभा होतो आणि कंडक्टर ओरडला, "हिंदूराव, हिंदूराव!" मी दचकून मागे पाहिलं. आमच्या कोल्हापूर भागात हा किताब आहे, आडनावाच्या मागेपुढे लागणारा. दिल्लीच्या बसमध्ये तो थांब्याचं नाव होऊन बसला असेल असं कधी वाटलं नव्हतं. बसमधल्या लोकांना मात्र त्यात काही विशेष नव्हतं. त्यांच्यासाठी हिंदूराव म्हणजे टेकडीवरचं महापालिकेचं हॉस्पिटल.

हे हिंदूराव म्हणजे कागलचे घाटगे. सखाराम, म्हणजे सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. बायजाबाईंचं लग्न १७९८ साली पुण्यात दौलतराव शिंद्यांशी झालं. दौलतराव १८२७ मध्ये वारले, त्यानंतर बाईंनी राज्यकारभार पाहिला आणि १८३३ मध्ये त्यांना ग्वाल्हेर सोडावं लागलं. बहिणीचं राज्य गेलं तसं भावाचंही बस्तान हललं. ते दिल्लीत आले. १८३५ च्या मार्च महिन्यात कंपनीचा दिल्लीतला बडा अधिकारी विल्यम फ्रेझर याचा खून झाला होता. टेकडीवरचा त्याचा प्रशस्त बंगला पुढे हिंदूरावांनी घेतला. १८५७ उजाडण्याआधीच ते वारले. नाव मात्र घराला चिकटलं, घरावरून टेकडीला आणि टेकडीवरून हॉस्पिटलला.

त्या आवारात आजही फिरोजशहा तुघलकाच्या शिकारखान्याचा भाग उभा आहे, लोक त्याला पीर गायब म्हणतात. शेजारी मोठी बावडी आहे. थोड्या अंतरावर अशोकाचा स्तंभ आहे, तो फिरोजशहानं मेरठहून आणवला होता. अठराव्या शतकात दारूच्या स्फोटात त्याचे तुकडे झाले आणि १८६७ मध्ये तो पुन्हा जोडून उभा केला. म्हणजे मौर्य, तुघलक, मराठे, इंग्रज आणि महापालिका असे सगळे एका टेकडीवर. या टेकडीला दिल्लीकर रिज म्हणतात. अरवलीची रांग गुजरातेतून ईशान्येकडे सरकत येते आणि दिल्लीत यमुनेच्या काठी वझिराबादजवळ संपते. हा तिचा शेवटचा कणा.

पण आज टेकडीबद्दल लिहायचं नाही. टेकडीच्या पाठीमागून जाणाऱ्या एका नाल्याबद्दल लिहायचं आहे, आणि त्या नाल्याकडे माझं लक्ष कसं गेलं त्याबद्दल.

गेल्या हिवाळ्यात काही तरुण अधिकाऱ्यांना घेऊन मी रिजवर बॅटलफील्ड टूर केली. १८५७ चा दिल्लीचा वेढा शिकवायला यापेक्षा चांगली जागा नाही. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांना हिंदूरावच्या आवाराजवळ उभं केलं, तोंड शहराकडे. समोर मोरी बुरुज, हजार-बाराशे यार्डांवर. त्याच्या डावीकडे काश्मिरी दरवाजा. ८ जून १८५७ ला बडली-की-सरायची लढाई जिंकून बर्नार्डच्या हाताखालची कंपनीची फौज या टेकडीवर आली. टेकडी शहरापेक्षा जेमतेम साठ फूट उंच. त्या साठ फुटांवर ती सप्टेंबरपर्यंत बसून राहिली. हिंदूरावांचं घर म्हणजे तिच्या उजव्या बाजूचा कणखर ठाणा. मेजर चार्ल्स रीड आणि त्याची सिरमूर बटालियन, म्हणजे गुरखे, इथे होते. ४९० जणांपैकी ३२७ मारले गेले किंवा जखमी झाले. शहरातून आलेल्या शिपायांनी या ठाण्यावर पुन्हा पुन्हा चाल केली. तेही आपलेच सैनिक, तितकेच शूर. हे सांगताना माझा आवाज दरवेळी थोडा बदलतो, कारण दोन्ही बाजूंनी मरणारे बहुतेक लोक इथल्याच मातीतले होते.

व्याख्यान संपलं. प्रश्न विचारा म्हटलं. आमच्याबरोबर एक निवृत्त हवालदार आले होते, जाट माणूस, गाव नजफगढच्या पलीकडचं. आमच्या एका अधिकाऱ्याच्या ओळखीनं सहज फिरायला आलेले. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "साहब, आप सबको आगे दिखा रहे हो. इनकी पीठ कौन देख रहा था?"

मी पुस्तकी उत्तर दिलं. मागे छावणी होती, पंजाबकडून रसद येत होती, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पीछे हमारी नदी थी, साहब. आप उसको नाला बोलते हो."

पंधरा तरुण अधिकाऱ्यांसमोर मी निरुत्तर झालो, ही गोष्ट इथे मान्य करतो. खडकवासल्याला तीन वर्षं आम्हाला जमीन वाचायला शिकवलं होतं. शत्रू समोर आहे म्हणून समोरच पाहायचं नसतं, हा पहिला धडा. तो मी विसरलो होतो. त्या रात्री नकाशा काढून बसलो.

नकाशावर गोष्ट सोपी दिसते. राजस्थानात जयपूर आणि सीकर जिल्ह्यांच्या बाजूला अरवलीच्या उतारावर साहिबी नावाची नदी उगम पावते. अलवर, रेवाडी असं करत ती हरियाणातून येते आणि ढांसा गावाजवळ दिल्लीच्या हद्दीत शिरते. तिथून यमुना पूर्वेला सरळ रेषेत फार लांब नाही. पण मध्ये रिज आहे. खडकाची ही भिंत दक्षिणेकडून उत्तरेकडे आडवी पडलेली, तिच्या पश्चिमेचं पाणी तिला ओलांडू शकत नाही. म्हणून साहिबी भिंतीच्या कडेकडेनं उत्तरेला जाते, टेकडीच्या टोकाला वळसा घालते आणि वझिराबादला यमुनेत पडते. पश्चिम दिल्लीचं, गुडगावच्या मोठ्या भागाचं आणि त्यामागच्या अरवलीच्या उतारांचं पाणी अशा एकाच दारातून यमुनेच्या खोऱ्यात येतं.

घराचा वाडा कितीही मोठा असो, दार एकच असेल तर त्या दारात काय चाललंय यावर घराचं सगळं अवलंबून राहतं. यमुनेच्या दिल्लीतल्या खोऱ्याचं तसंच आहे.

दिल्लीत शिरल्यावर साहिबीचं नाव बदलतं. ढांसा ते वझिराबाद या ५७ किलोमीटरना सगळे नजफगढ नाला म्हणतात. नजफगढ हे नाव शाहआलम बादशहाचा सेनापती मिर्झा नजफखान याच्यावरून पडलं. तो १७८२ साली वारला आणि त्यानंतर दोन वर्षांत दिल्लीचा कारभार महादजी शिंद्यांच्या हातात आला. म्हणजे या गावाच्या नावामागेही आपल्या इतिहासाचा एक कोपरा आहेच.

पूर्वी इथे नाला नव्हता, तळं होतं. ढांसा ते नजफगढ हा भाग बशीसारखा सखल. पावसाळ्यात साहिबीचं पाणी या बशीत पसरायचं. चांगल्या पावसाच्या वर्षी दोनशे चौरस किलोमीटरच्या वर पाणी पसरत असे, असं जुन्या नोंदींवरून सांगतात. या तळ्याचं काम काय, ते गावाकडच्या माणसाला लगेच कळेल. डोंगरावरून लोंढा एकदम येतो, त्यात गाळ असतो. तळ्यात आल्यावर त्याचा जोर मोडतो, गाळ खाली बसतो, थोडं पाणी जमिनीत मुरतं, आणि उरलेलं हळूहळू पुढे जातं. यमुनेला पाणी मिळायचं ते असं, निवळून आणि महिनोन्‌महिने पुरवून. पावसाळा संपल्यावरही नदीत पाणी राहतं ते अशा साठवणीमुळे. उन्हाळ्यात नदीकाठचे झरे आणि विहिरी जिवंत राहतात त्याही यामुळेच.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारनं हे तळं शेतीसाठी मोकळं करायला चर खणला. नकाशांत आणि लष्करी कागदांत नजफगढ झीलचा कट किंवा कालवा म्हणून जो येतो तो हाच. १८५७ च्या वेढ्यात छावणीच्या पाठीमागे मैलभरावर होता तो हा चर.

आता हवालदारसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर. छावणीच्या पाठीला या चराचं पाणी होतं. शहरातले शिपाई संख्येनं जास्त होते. त्यांनी लांबून वळसा घालून पंजाबचा रस्ता कापला असता तर टेकडीवरची फौज अडकली असती. जुलैमध्ये बेअर्ड स्मिथ हा नवा मुख्य इंजिनियर आला आणि त्या सुमारास या चरावरचे पूल उडवायला सुरुवात झाली. बसईजवळचा पूल उडवला. आपल्या वापरापुरता रस्ता ठेवून बाकी वाटा तोडल्या. एका नाल्यानं छावणीची पाठ शिवून टाकली. खंदक खणायला महिना लागला असता, तो त्यांना आयता मिळाला.

दुसरी गोष्ट पाण्याची. शहरात चांदणी चौकापर्यंत जे कालव्याचं पाणी जायचं, तो पश्चिम यमुना कालवा. त्याला शहरात शिरण्यासाठी याच नाल्यावरून जावं लागे, पूल चद्दर नावाच्या जलसेतूवरून. तो सेतू फोडला आणि शहराचं कालव्याचं पाणी तुटलं. टेकडीवरून एकही गोळी न झाडता शहराच्या गळ्याशी हात गेला.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, पण कुठल्याही लढाईच्या नकाशात ती दाखवलेली नसते. त्या छावणीत फ्रेडरिक रॉबर्ट्स नावाचा तरुण तोफखान्याचा अधिकारी होता, पुढे फील्ड मार्शल झाला. त्यानं आठवणींत नोंदवलंय की हा चर एरवी उन्हाळ्यात कोरडा पडतो, पण आदल्या वर्षी, १८५६ मध्ये, पाऊस फार झाल्यामुळे त्या उन्हाळ्यात त्यात भरपूर पाणी होतं. नाहीतर माणसांना आणि जनावरांना दोन मैलांवरच्या यमुनेवर अवलंबून राहावं लागलं असतं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तसाच बसलो. जूनच्या दिल्लीत हजारो माणसं, घोडे, बैल, उंट, हत्ती. रोज दोन मैलांवरून, तोफांच्या माऱ्याखालच्या नदीवरून पाणी आणायचं? मला तरी वाटतं, ती छावणी तिथे टिकली नसती. म्हणजे १८५६ च्या श्रावणात अलवर-रेवाडीकडे जो पाऊस पडला, त्यानं दिल्लीच्या वेढ्यात भाग घेतला. एका उपनदीनं आणि तिच्या तळ्यानं एक वर्ष पाणी धरून ठेवलं, आणि ज्यांच्या हातात तो काठ होता त्यांच्या बाजूनं ते उभं राहिलं. पाण्याला बाजू नसते. ज्यानं त्याची चाल ओळखली त्याच्या ते उपयोगी पडतं.

त्याची दुसरी बाजूही आहे. या छावणीत पटकीनं माणसं पटापट गेली. खुद्द बर्नार्ड ५ जुलैला पटकीनं मेला. कंपनीचा सरसेनापती अ‍ॅन्सन तर दिल्लीला पोचण्याआधीच २७ मेला कर्नालला पटकीनं गेला होता. पाण्याच्या काठी हजारो माणसं आणि जनावरं महिनोन्‌महिने राहिली, घाणीची व्यवस्था नाही, तर काय होणार? पटकी पाण्यातून पसरते हे तेव्हा लष्करांच्या पचनी पडलेलं नव्हतं. आज साध्या कॅम्पमध्येसुद्धा आम्ही आधी पाण्याची जागा ठरवतो, मग लॅट्रिनची, आणि दोन्हींत अंतर किती हे नियमानं तपासतो. पाणी जीव वाचवतं तसा त्याच वाटेनं मृत्यूही आणतं. नजफगढ नाल्याचा पुढचा इतिहास म्हणजे या एका वाक्याचा विस्तार आहे.

ऑगस्टमध्ये या पाण्यावरच लढाई झाली. फिरोजपूरहून मोठ्या तोफा येत होत्या. त्या अडवायला बख्तखान आणि नीमचचे शिपाई शहरातून निघाले. २५ ऑगस्टच्या पहाटे जॉन निकल्सन सुमारे अडीच हजार माणसं आणि १६ तोफा घेऊन पावसात त्यांच्या मागावर गेला. दिवसभर चिखल आणि दलदल, तोफांची चाकं आसापर्यंत रुतलेली. झीलच्या एका फाट्यातून कंबरभर पाण्यातून जाऊन संध्याकाळी त्यानं नजफगढला हल्ला केला. नीमचची तुकडी एकटी पडली, बख्तखानाचे लोक मदतीला पोचले नाहीत. १३ तोफा गेल्या. नाल्यावरचा पूल उडवून निकल्सन परतला. ४ सप्टेंबरला मोठ्या तोफा टेकडीवर पोचल्या, १४ ला शहरावर हल्ला झाला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

इथे मला माझी एक जुनी चूक सांगावीशी वाटते. लेफ्टनंट असताना सरावासाठी अरवलीच्या पायथ्याशी आम्ही तळ टाकला. जागा मी निवडली होती. सपाट, मऊ वाळू, दोन्हीकडे उंच काठ, वारा लागत नाही. पाऊस महिनाभर नव्हता. एका वयस्कर सुभेदारसाहेबांनी म्हटलं, "साहब, यह रास्ता पानी का है." मी म्हटलं, पानी कहाँ है? पहाटे तीनला पाणी आलं. आमच्या डोक्यावर थेंब पडला नव्हता, पाऊस वीस-पंचवीस किलोमीटर वर डोंगरात झाला होता. एका जवानाला दोरानं ओढून काढलं. एक गाडी आणि रेडिओ सेट गेले. माणूस गेला नाही, हे माझं नशीब, माझी हुशारी नव्हे. सीओसाहेब रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "नाला सुट्टीवर असतो, निवृत्त होत नाही." ते वाक्य मी वीस वर्षं सांगत आलोय. तरी रिजवर उभं राहून मागे पाहायला विसरलो.

साहिबीबाबत दिल्लीनंही तेच केलं. विसाव्या शतकात नाला आणखी खोल आणि रुंद झाला, बशीतली जमीन शेतीला आणि मग वस्त्यांना गेली. मग १९६४, १९६७ आणि १९७७ ला साहिबीला पूर आले. १९७७ चा सगळ्यांत वाईट. ढांसाचा बांध फुटला, नाल्याचे काठ जागोजागी फुटले, पश्चिम दिल्लीचा मोठा भाग पाण्याखाली गेला. हवालदारसाहेब तेव्हा शाळेत होते. त्यांच्या घरच्या दोन म्हशी गेल्या आणि आजोबांनी छपरावर सहा दिवस काढले, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर नाला पुन्हा रुंद केला, रेवाडीजवळ मसानीला बॅरेज बांधलं. वर राजस्थानात आणि हरियाणात छोटेमोठे बांध आधीच झाले होते, विंधनविहिरींनी भूजल उपसलं जात होतं. हळूहळू साहिबीचं पाणी दिल्लीपर्यंत यायचंच थांबलं.

नदी थांबली, पण तिची वाट रिकामी राहिली नाही. शहराचं सांडपाणी उताराकडे जाणार, आणि उतार ठरलेला होता. पश्चिम दिल्ली आणि गुडगावचं मैलापाणी साहिबीच्या अंथरुणात आलं. आज यमुनेत दिल्लीतून जी घाण जाते तिच्यात सगळ्यांत मोठा वाटा या एका नाल्याचा आहे.

एका रविवारी मी वझिराबादला गेलो. तिथलं बॅरेज १९५९ चं. शहराचं पिण्याचं पाणी त्याच्या वरच्या अंगाला उचलतात. नाला त्याच्या लगेच खाली मिळतो. वर उभं राहिलं की पाणी हिरवट, शांत, पाणकावळे बसलेले. शेदोनशे पावलं खाली आलं की काळं. मधली रेघ डोळ्यांना दिसते.

त्या जागेवरून वर पाहिलं की थोड्या अंतरावर बुराडी. आपल्या बखरींतलं बुराडी घाट. १० जानेवारी १७६०, संक्रांतीचा दिवस. पौषात यमुना उतरलेली, पात्रात बेटं, लव्हाळ्यांची दाटी, माणूस घोड्यावरून पलीकडे येऊ शकेल एवढं पाणी. त्या उतारांवरून नजीबाचे आणि अब्दालीचे लोक आले, लव्हाळ्यांत लपले, आणि दत्ताजी शिंदे तिथे पडले. त्यांचं ते शेवटचं उत्तर प्रत्येक मराठी मुलानं शाळेत ऐकलंय. मी तिथे टोपी काढून दोन मिनिटं उभा राहिलो. आपण त्या प्रसंगातला बाणा लक्षात ठेवतो, पण पाणी किती होतं, उतार कुठे होते, हे फारसं विचारत नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात यमुना भरली आणि भाऊसाहेबांची फौज एका काठाला व अब्दाली दुसऱ्या काठाला अडकला. ऑक्टोबरात पूर ओसरत असताना अब्दाली बागपतला उतरून आला. पानिपताची वाट तिथून सुरू झाली. नदी किती भरते आणि कधी ओसरते, हे आपल्याला इतक्या महागात शिकायला मिळालं आहे.

आज बुराडी-जगतपूरच्या बाजूला यमुना बायोडायव्हर्सिटी पार्क आहे, साडेचारशे एकरांहून मोठं. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तिथे पूरमैदानातली जुनी तळी आणि झाडी पुन्हा उभी केली. हिवाळ्यात तिथे परदेशी बदकं उतरतात. दिल्लीच्या मास्टर प्लॅनमध्ये यमुनेच्या पूरमैदानाला झोन ओ म्हणून वेगळं स्थान आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं या मैदानात बांधकामाला मनाई केली. रिजही राखीव जंगल. कागदावर पाहिलं तर टेकडी राखीव, खोरं राखीव.

पण राखीव खोऱ्यात पाणी कुठून येतं? वझिराबादच्या खाली पावसाळ्याचे महिने सोडले तर नदीत वरून फार थोडं पाणी सोडलं जातं. मग खाली जी वाहते ती यमुना कोण? बहुतांश नजफगढचा नाला. नकाशावर निळ्या जाड रेघेला यमुना म्हणतात, पण कोरड्या महिन्यांत त्या रेघेतलं पाणी उपनदीचं असतं. उपनदी जशी, तशी नदी. खोऱ्याभोवती तारेचं कुंपण घातलं, पाटी लावली, रखवालदार ठेवला, आणि मागचं दार सताड उघडं. १८५७ च्या इंजिनियरला जे कळलं होतं की या जागेचं मर्म मागच्या नाल्यात आहे, ते आपण सोयीनं विसरलो.

पुरातही तेच. जुलै २०२३ आठवा. तेव्हाही माझं पोस्टिंग दिल्लीतच होतं. १३ जुलैला लोखंडी पुलापाशी यमुना २०८.६६ मीटरवर गेली, १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला. हथनीकुंड बॅरेजवरून जास्तीत जास्त ३.५९ लाख क्युसेक पाणी सुटलं होतं. २०१९ मध्ये ८.२८ लाख सुटलं होतं, तरी पातळी २०६.६० मीटरच होती. कमी पाणी, जास्त पूर. गाळ, बांधकामं, पूल, बंद पडलेली दारं, सगळ्यांनी खोऱ्याची छाती आवळली. आणि इंद्रप्रस्थजवळ नदीचं पाणी शहरात आलं ते एका नाल्याच्या तोंडातून. बारा नंबरच्या नाल्याचा रेग्युलेटर तुटला आणि नदी उलटी आत शिरली. लष्कराच्या इंजिनियरांना बोलवावं लागलं. मी त्या कामावर नव्हतो, पण चिखलानं माखून परतलेल्या मित्राचा चेहरा आठवतो.

मला ते नवं नव्हतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा मी सुट्टीवर गावी होतो. कृष्णा फुगली की नरसोबाच्या वाडीला पंचगंगेला जायला वाट राहत नाही. ती थबकते, मागे सरकते, आणि तिच्या मागे ओढे मागे सरकतात. आमच्या शिवारात पाणी नदीकडून चालत आलं नाही, ओढ्यातून उलटं आलं. आबा, म्हणजे माझे वडील, बांधावर उभे राहून म्हणाले होते, "नदी सांगून येती रं. वढा न्हाई सांगत." आबांनी आयुष्यात एकदाच रान विकत घेतलं. घेण्याआधी ते विहीर नव्हे, आधी ओढा बघून आले होते.

आमच्या भागात हे शहाणपण राजाकडेही होतं. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी पाणी धरायचं ठरवलं तेव्हा भोगावतीवर, म्हणजे पंचगंगेच्या उपनदीवर, राधानगरीचं धरण हाती घेतलं. वरचं दाजीपूरचं जंगल शिकारीसाठी राखलेलं होतं, ते आज अभयारण्य आहे. वर जंगल राखलेलं, मध्ये पाणी साठवलेलं, खाली पंचगंगा. कागलच्या एका घाटग्यांचं नाव दिल्लीत मेलेल्या उपनदीच्या शेजारी उभं आहे आणि दुसऱ्यांचं काम कोल्हापुरात जिवंत उपनदीवर. हा योगायोगच, पण मला तो चुटपुट लावतो.

साहिबी पुन्हा वाहील का? गेल्या काही वर्षांत नाल्यातला गाळ काढण्याचं काम सुरू झालं आहे आणि सरकारी कागदांवर पुन्हा साहिबी हे नाव दिसू लागलं आहे. नावानं पाणी साफ होत नाही. पण नाला म्हटलं की त्यात काहीही टाकायला मन धजावतं आणि नदी म्हटलं की हात थोडा अडखळतो, एवढा फरक नावानं पडतो. बाकीचं काम साधं आणि कंटाळवाणं आहे. मैला नाल्यात पडण्याआधी शुद्ध करायचा, नजफगढच्या बशीत जेवढी जागा उरली आहे तेवढी पाण्याला ठेवायची, आणि वर अरवलीत झाडं उभी राहू द्यायची. त्याच बशीच्या कडेला हरियाणातलं सुलतानपूर आहे. २०२१ मध्ये त्याला रामसर यादीत स्थान मिळालं. म्हणजे बशी अजून पुरती फुटलेली नाही.

या महिन्यात पुढची तुकडी आली. या वेळी मी त्यांना आधी हिंदूरावला नेलं नाही. तिमारपूरच्या बाजूनं नाल्याच्या काठावर नेलं. वास सहन होईना, दोघांनी रुमाल काढले. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा. उत्तरेला यमुनेचं तोंड दाखवलं, पूर्वेला टेकडी. पूल कुठे होते, ते का उडवले, १८५६ चा पाऊस कुठे पडला, ते सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही टेकडीवर असता, तर रोज सकाळी पहिला रिपोर्ट कशाचा मागितला असता?"

एका लेफ्टनंटनं उत्तर दिलं, "सर, मोरी बुरुजावरच्या तोफांचा."

दुसरी, मागे उभी असलेली मुलगी, नाल्याकडे बघत म्हणाली, "सर, या पाण्याचा."

हवालदारसाहेब या वेळीही आले होते. ते काही बोलले नाहीत. फक्त त्यांनी खिशातला रुमाल परत आत ठेवला.